वेस्ट टेक्सासचे जुने टोपोग्राफिक नकाशे आज कामाचे आहेत का?

तुम्हाला मारफाजवळच्या रँचवर पाण्याच्या जुन्या जागा शोधायच्या आहेत आणि कुणीतरी सांगितलंय, "सॅटेलाइट इमेज असताना ते जुने कागद कशाला?" हे वाक्य नोकरीत इतकं ऐकलंय की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

प्रेसिडिओ काउंटीतल्या एका रँचचं सोलरसाठीचं काम आमच्याकडे होतं. मी यूएसजीएसची (अमेरिकेचं सरकारी भूसर्वेक्षण खातं) सत्तरच्या दशकातली १:२४,००० ची टोपोग्राफिक शीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा नकाशा, कॉम्प्युटरवर सॅटेलाइट इमेजवर लावली. तीत कोरड्या ओढ्याकाठी पवनचक्की दाखवलेली. इमेजमध्ये तिथे नुसतं मेस्किटचं (काटेरी झुडपांचं) रान. आमचे मॅनेजर म्हणाले, "जुना डेटा, उडवून टाक." मी ती लेअर (शीटचा थर) ठेवली. साइटवरच्या मुलांना झुडपांत पवनचक्कीच्या पायांचं काँक्रीट सापडलं आणि शेजारी बोअरची उघडी केसिंग (आतला पाइप), झाकणसुद्धा नाही. गाड्यांचा रस्ता तिथूनच आखला होता. सोडून दिलेली बोअर बुजवायची जबाबदारी टेक्सासमध्ये जमीनमालकावर असते, म्हणून मालकानेही लगेच दखल घेतली. मीटिंगमध्ये श्रेय मात्र ड्रोनला गेलं.

त्या मुलखात गुरं पाण्यापासून फार लांब चरत नाहीत. कुंपणं, वाटा, सगळं पाण्याभोवती बेतलेलं. म्हणून जुन्या सर्वेक्षकांनी पवनचक्क्या आणि गुरांची तळी टिपली. आधीच्या पिढीने प्लेनटेबल आणि ॲलिडेड (जागेवरच नकाशा काढायचं टेबल आणि त्यावरची नेम धरायची पट्टी) घेऊन, नंतरच्यांनी हवाई फोटोंवरून. पण हे नंतरचेही जागेवर जाऊन पडताळणी करायचे, नावं स्थानिकांना विचारायचे. २००९ पासूनच्या यूएस टोपो शीट (यूएसजीएसचे नवे डिजिटल नकाशे) तयार डेटाबेसमधून निघतात, त्यांत या गोष्टी बहुतेक गायब. याला प्रगती म्हणायला मी तयार नाही.

टोपोव्ह्यू या यूएसजीएसच्या वेबसाइटवर जुन्या शीट फुकट मिळतात. एकाच जागेच्या सगळ्या आवृत्त्या उतरवा आणि समासातलं सर्वेक्षणाचं वर्ष वाचा, छपाईचं नव्हे. जांभळ्या शाईतल्या दुरुस्त्या फोटोंवरून केलेल्या, जागेवर न तपासलेल्या. त्यांच्यावर कमी भरवसा ठेवा.

हो, डेटम (जागेचे अक्षांश-रेखांश ज्यावरून मोजतात तो पाया) बदलून घ्या. या शीट बहुधा नॅड २७ या १९२७ च्या जुन्या डेटमवर आहेत. न बदलता तसंच लावलं तर यूटीएममध्ये (मीटरमध्ये जागा सांगणारी ग्रिड) बिंदू सुमारे २०० मीटर सरकतो, आणि मग लोक नकाशाला दोष देतात. १:१,२५,००० च्या जुन्या शीटवरून उंची काढू नका. मोजलेल्या बिंदूंच्या मधल्या समोच्चरेषा नजरेच्या अंदाजाने काढलेल्या आहेत. हद्दीच्या भांडणातही टोपो शीट पुढे करू नका, त्यासाठी ऑस्टिनच्या जनरल लँड ऑफिसमधल्या मूळ मोजणीच्या नोंदी बघा.