उभ्याच्या फोर्कलिफ्टवर नवीन असशील तर

नाशिकच्या अंबड-सातपूरच्या गोदामात उभ्याने चालवायच्या फोर्कलिफ्टवर लागला असशील, तर आधी रिकाम्या गल्लीत नुसतं वळायला शीक, माल नंतर. स्टिअरिंग मागच्या चाकाला असतं. वळताना गाडीचं बूड बाहेर फेकलं जातं आणि रॅकचा खांब नाहीतर मागे उभा असलेला हमाल सापडतो.

पायाखालचं पेडल कारच्या उलट. दाबून ठेवलं की ब्रेक सुटतो, पाय उचलला की लागतो. घाबरल्यावर पाय दाबायची सवय मोडायलाच वेळ लागतो. दुसरा पाय बाहेर लोंबू देऊ नकोस, खांबाला घासून घोटा चेचतो.

क्षमतेची पाटी वाच. ६०० मिमी लोड सेंटरला (फोर्कच्या म्हणजे काट्यांच्या उभ्या पाठीपासून मालाच्या वजनाच्या मध्यापर्यंतचं अंतर) १,५०० किलो लिहिलं असेल, तर लांबट पॅलेट (मालाखालची फळी) असताना गाडीला तेवढं झेपत नाही; उंचावर तर आणखी कमी. चालताना फोर्क जमिनीपासून १०-१५ सेंमीच वर.

गाडी कलंडायला लागली तर मागच्या उघड्या बाजूने उतरून लांब हो. बसून चालवायच्या गाडीत मात्र बेल्ट लावून आतच थांबायचं. ही गल्लत जिवावर बेतते.

आणि बॅटरीत डिस्टिल्ड पाणी चार्जिंग झाल्यावर घाल. आधी काठोकाठ भरलंस तर आम्ल उतू जातं.