घरासाठी ट्यूब अ‍ॅम्प घेताना

प्रिय मित्रा,

घरी गिटार वाजवायला ट्यूब अ‍ॅम्प (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर) ५ वॅटचा घेऊ की १५ वॅटचा, असं तू विचारलंस. आवाजाच्या दृष्टीने या दोघांत तुला वाटतो तेवढा फरक नाही. वॅट दुप्पट झाले तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. कानाला दुप्पट वाटायला १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. म्हणूनच ५ वॅटचा अ‍ॅम्प ५० वॅटच्या निम्माच मोठा वाटतो. ९७ डेसिबल संवेदनशीलतेच्या (म्हणजे १ वॅटला एक मीटरवर ९७ डेसिबल देणाऱ्या) स्पीकरला पूर्ण ५ वॅट दिले, तर एक मीटरवर सुमारे १०४ डेसिबल भरतात. समोरासमोरचं बोलणं ६० च्या आसपास असतं. भिंतीपलीकडे कुणी झोपलेलं असेल तर ५ वॅटसुद्धा फार होतात.

तेव्हा आधी हे ठरव, की तुला आवडणारा टोन अ‍ॅम्पमध्ये नेमका कुठे तयार होतो. गेन (सुरुवातीचा सिग्नल वाढवणारं बटण) वाढवून मास्टर (शेवटचा आवाज ठरवणारं बटण) कमी ठेवल्यावर मिळणारा क्रंच, म्हणजे खरखरीतपणा, प्रीअ‍ॅम्पच्या (सिग्नल सुरुवातीला वाढवणाऱ्या भागाच्या) १२एएक्स७ ट्यूबमधून येतो, आणि तो हळू आवाजातही मिळतो. मात्र बोटांच्या जोरानुसार साफ किंवा खरखरीत होणारा, थोडा दबून परत फुलणारा टोन आउटपुट ट्यूब (स्पीकरला ताकद देणारी शेवटची ट्यूब) ताणली गेल्यावरच येतो. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या फेंडर चँप या छोट्या अ‍ॅम्पमध्ये एक १२एएक्स७, आउटपुटला एक ६व्ही६, एक ५वाय३ रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारी ट्यूब) आणि व्हॉल्यूमचं एकच बटण, एवढाच कारभार होता. तो टोन हवा तर ते बटण बरंच वर न्यावं लागतं. घरात ते जमायचं असेल तर १ वॅटच्या आसपासचा अ‍ॅम्प बघ; त्यांतल्या काहींत ईसीसी८२ ही छोटी ट्यूबच आउटपुट ट्यूब म्हणून वापरलेली असते. आणि तुला स्वच्छ, खणखणीत क्लीन (जराही न खरखरणारा) टोनच हवा असेल, तर दोन ईएल८४ आउटपुट ट्यूबचा १५ वॅटचा अ‍ॅम्प जास्त बरा, कारण त्याचा आवाज लवकर फाटत नाही.

अ‍ॅटेन्युएटर (अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये जोडून आवाज उतरवणारं उपकरण) लावून भागेल का? थोडंफार भागेल. ६ ते १० डेसिबल उतरवले तर टोन टिकतो. त्याहून जास्त उतरवलं की वरची धार जाते आणि स्पीकर जिवंत वाटेनासा होतो. शिवाय ट्यूबवरचा ताण तेवढाच राहतो. अ‍ॅटेन्युएटरचे ओहम (विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) अ‍ॅम्पच्या ओहमशी जुळलेच पाहिजेत.

स्पीकरकडे बहुतेक जण लक्ष देत नाहीत, तू दे. संवेदनशीलता १०० वरून ९७ डेसिबलवर आली, की अ‍ॅम्पचे वॅट निम्मे केल्यासारखंच होतं. लहान कॅबिनेटमधला ८ इंची स्पीकर डबा वाजल्यासारखा वाटू शकतो. आधीच हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. एक्स्टेन्शन (बाहेरून जोडायच्या) स्पीकरचा जॅक असलेलाच अ‍ॅम्प घे, म्हणजे पुढे १२ इंची कॅबिनेट जोडता येईल. जोडताना स्पीकरचीच केबल वापर, गिटारची नको. आणि स्पीकर काढून अ‍ॅम्प कधीही वाजवू नकोस: लोड, म्हणजे स्पीकर, नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतं आणि तो जळू शकतो.

ऐकायला जाताना स्वतःची गिटार ने. घरी जेवढा आवाज चालतो तेवढाच ठेव आणि दहा मिनिटं तो वाढवू नकोस. विकणारा वाढवायला सांगेल, तरी नाही. बटण १ वरून २ वर नेताना आवाज एकदम उडी मारत असेल, तर घरी रोज वैतागशील.

मग गिटार काढून व्हॉल्यूम शून्यावर आण. एकाच आउटपुट ट्यूबच्या अ‍ॅम्पमध्ये थोडी घूं राहणारच, कारण दोन ट्यूबच्या पुश-पुल रचनेत सप्लायची घरघर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकींना मारते, तशी इथे मारत नाही. पण खोलीच्या टोकाला ती ऐकू येता कामा नये. पुढे व्हॉल्यूम अर्ध्यावर नेऊन पेन्सिलीच्या रबरी टोकाने प्रीअ‍ॅम्पच्या ट्यूबवर हलकेच टिचकी मार. बारीक 'टक' आला तर ठीक. घंटेसारखा नाद घुमत राहिला तर ती ट्यूब मायक्रोफोनिक झाली आहे, म्हणजे धक्का लागला की ती स्वतःच वाजते. ती बदलणं सोपं असतं, तेवढ्यासाठी चांगला अ‍ॅम्प सोडू नकोस. आउटपुट ट्यूबच्या काचेवरची निळसर झाक निरुपद्रवी असते. आतली करडी प्लेट लाल दिसू लागली, तर अ‍ॅम्प लगेच बंद कर.

जुना घेणार असशील तर तीन पिनांची वायर आणि बरोबर व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर आहे ना, हे बघ. मागचं झाकण काढून आत हात घालू नकोस. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज उरलेला असू शकतो.

ऐकून आलास की कुठल्या बटणावर किती आकडा होता तेवढं लिहून पाठव, मग पुढचं बोलू.

तुझा,
गिटारवाला मित्र