राणी मेरी पहिली हिचे सॉव्हरिन हे सोन्याचे नाणे इतके दुर्मीळ का?

कारण ते फार थोडा काळ पाडले गेले. इंग्लंडच्या गादीवर मेरी जुलै १५५३ मध्ये आली आणि जुलै १५५४ मध्ये स्पेनच्या फिलिपशी तिचा विवाह झाल्यावर नाण्यांवर दोघांची नावे येऊ लागली. त्यामुळे केवळ तिच्या नावाचे, तीस शिलिंग मूल्याचे हे सॉव्हरिन जेमतेम वर्षभराच्या काळातले आहे. सुमारे १५.५ ग्रॅम वजनाच्या, जवळजवळ शुद्ध सोन्याच्या या नाण्यावर एका बाजूला सिंहासनारूढ राणी आणि दुसऱ्या बाजूला ट्यूडर गुलाबाच्या मध्यभागी राजढाल आहे, तर भोवती ‘हे परमेश्वराने घडविले आहे’ अशा अर्थाचे लॅटिन स्तोत्रवचन आहे. प्रोटेस्टंट पक्षाने पुढे केलेल्या लेडी जेन ग्रेला बाजूला सारून गादी मिळवलेल्या कॅथलिक राणीने हे वचन निवडावे, हे मला विलक्षण बोलके वाटते.

हे नाणे हाताने पाडत: खालचा कोरीव ठसा ठोकळ्यात रोवून, त्यावर सोन्याची चकती ठेवून, वरच्या ठशावर हातोड्याचा घाव घालत. म्हणून कडा किंचित वेडीवाकडी असते आणि अक्षर कुठे पुसट, तर कुठे दुहेरी उमटते. याउलट ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा बोथट दिसतात आणि भिंगाखाली बारीक छिद्रे आढळतात.