जुन्या स्पोर्ट्स कारचे फुगवटे, खाचा आणि तारांची चाकं: हे आकार आले कुठून?

तुम्ही विचारलंय की जुन्या स्पोर्ट्स कारचं लांबलचक बॉनेट, त्यावरचे फुगवटे, मडगार्डमागच्या खाचा, कापल्यासारखी शेपटी हे सगळं नुसतं दिसण्यासाठी होतं का, आणि आज आपल्या गाडीला तसं काही केलं तर उपयोग होतो का. दिसण्याचा भाग नंतर आला. आधी काहीतरी आत मावत नव्हतं, तापत होतं किंवा वेगात उचललं जात होतं. म्हणून आकाराचं कारण शोधायचं तर आधी बॉनेट उघडायचं.

१९६१ च्या जॅग्वार ई-टाइपपासून सुरू करू. आत एका रांगेत सहा सिलिंडरचं ३.८ लिटरचं इंजिन, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८७ मिमी. सहा बोअर एकापुढे एक मांडले की तेवढेच ५२२ मिमी होतात. त्यात मधल्या भिंती, पुढे रेडिएटर आणि मागे गिअरबॉक्स धरा. वजन पुढच्या चाकांवर फार पडू नये म्हणून इंजिन शक्य तितकं मागे सरकवायचं, मग चालक आपोआप मागच्या एक्सलजवळ जाऊन बसतो. लांब बॉनेट, आखूड केबिन हे प्रमाण इथून आलं.

बॉनेटच्या मधोमध जो लांबट उंचवटा आहे, त्याचं कारण स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वर-खाली जातो ते अंतर. तो १०६ मिमी, म्हणजे बोअरपेक्षा बराच जास्त, आणि वर झडपा उघडणारे दोन कॅमशाफ्ट. इंजिन उंच होणारच. ब्रिटिश इंजिनांना अरुंद बोअर आणि लांब स्ट्रोकची सवय लागण्यामागे तिथला जुना गाडीकर होता. कराची अश्वशक्ती काढताना बोअरचा इंचातला वर्ग गुणिले सिलिंडरची संख्या भागिले २.५ असं सूत्र वापरत. त्यात स्ट्रोक कुठेच नाही, त्यामुळे बोअर लहान ठेवून स्ट्रोक वाढवला की कर तेवढाच आणि इंजिन मोठं. दुसऱ्या महायुद्धानंतर हा कर गेला, पण इंजिनांची ती ठेवण लगेच गेली नाही.

फुगवट्याचं याहून स्वच्छ उदाहरण एमजी या ब्रिटिश कंपनीची एमजीसी. चार सिलिंडरच्या एमजीबीमध्ये १९६७ साली २.९ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन बसवलं. रेडिएटर पुढे सरकवावा लागला, त्यासाठी बॉनेटवर रुंद फुगवटा आला. तरी पुढचा कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) पत्र्याला लागत होता, म्हणून एका बाजूला थेंबाच्या आकाराचा आणखी एक छोटा फुगवटा. दिसायला तो एकांगी आहे, पण मला आवडतो, कारण खाली काय आहे ते बरोबर त्याच जागी सांगतो. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलमध्ये उलट केलं. इंजिन ५० अंश कलतं बसवून बॉनेट खाली आणलं. वरच्या दोन फुगवट्यांपैकी एकाची इंजिनाला गरज होती, दुसरा फक्त जोडी जुळावी म्हणून. दिसण्यासाठी घेतलेला निर्णय म्हणतात तो हा, आणि माझ्या मते योग्यच. त्याच गाडीचे वर उघडणारे दरवाजे मात्र नाइलाजाने आले: बारीक नळ्यांच्या सांगाड्याला ताकद यावी म्हणून बाजूच्या नळ्या इतक्या उंच नेल्या होत्या की नेहमीच्या दरवाजाला जागाच उरली नाही.

गोलाईचं कारण पत्रा. सपाट पातळ ॲल्युमिनियम डब्याच्या झाकणासारखं पकपक वाजतं. दोन्ही दिशांनी थोडी गोलाई दिली की तोच पत्रा ताठ होतो. लाकडी साच्यावर बेतत हाताने ठोकून बॉडी करणाऱ्या इटालियन कारागिरांना हे पक्कं ठाऊक होतं. सुटी मडगार्डं, सुटे दिवे यांच्या जागी सगळं एकाच सलग पृष्ठभागात घेण्याची रीत रुजवण्यात पिनिनफरिना या इटालियन बॉडी बनवणाऱ्या कंपनीच्या १९४७ च्या सिसितालिया २०२ या गाडीचा मोठा वाटा आहे. १९५१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ती प्रदर्शनात मांडली होती.

आता खाचा, कारण चुका इथेच जास्त होतात. बाजूची खाच पुढच्या चाकामागे असते, कारण तिथे हवेचा दाब कमी असतो आणि इंजिनाची गरम हवा बाहेर ओढली जाते. खाचेचं तोंड मागच्या बाजूला हवं. विंडस्क्रीनच्या तळाशी मात्र दाब जास्त असतो. बिजागरीखाली वॉशर घालून बॉनेटची मागची कड उचलणारे बरेच आहेत. गाडी उभी असताना त्याने उष्णता निघते, पण वेगात तिथून हवा आत शिरते आणि रेडिएटरमधून येणाऱ्या हवेची वाट अडते. बॉनेटमधून हवा काढायची तर भोक नाकाच्या जवळ, रेडिएटरच्या लगेच मागे घ्या, आणि खाली डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) नाही ना ते पाहा, नाहीतर पहिल्या पावसात गाडी बंद पडेल. कापण्याआधी लोकरीचे आठ-दहा सेंटिमीटरचे तुकडे चिकटपट्टीने लावून शेजारच्या गाडीतून व्हिडिओ घ्या. धागे पत्र्याला चिकटून मागे वाहतात की गोंधळून उलटे फिरतात, हे पाहून प्रवाह कुठे सुटतो ते कळतं. दाब मात्र धाग्यांवरून कळत नाही.

कापलेल्या शेपटीमागे जर्मन अभियंता वुनिबाल्ड काम यांचं १९३० च्या दशकातलं काम आहे. हवा नीट सुटावी तर शेपटी फार लांब निमुळती हवी, पण ठरावीक ठिकाणी ती सरळ कापली तरी फायदा बराचसा टिकतो. १९६२ ची फेरारी २५० जीटीओ बघा. पोर्शच्या १९७२ च्या कॅरेरा आरएसवरची बदकशेपटी, म्हणजे मागच्या झाकणाची वर वळलेली कड, मागचा भाग वेगात उचलला जाऊ नये म्हणून होती. दारांवरचे पांढरे गोल त्यांवरचे शर्यतीचे नंबर वाचता यावेत म्हणून, आणि हिरवा, लाल, निळा हे शर्यतीतल्या देशांचे रंग.

तारांची चाकं बसवणार असाल तर एक गोष्ट जिवावरची आहे. रज-व्हिटवर्थ पद्धतीत मधल्या एकाच कानवाल्या नटावर चाक असतं, शर्यतीत पटकन बदलता यावं म्हणून. डाव्या बाजूला सरळ आटे, उजव्या बाजूला उलटे. दोन्ही बाजूंना वरचा कान गाडीच्या पुढच्या दिशेला ठोकला की नट सुटतो, मागे ठोकला की आवळतो. हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) डावे-उजवे बदलले गेले तर चालता चालता नट सैल होतो. तांब्याची किंवा शिशाची हातोडी वापरा, चाक आणि हब एकमेकांत अडकवणाऱ्या दात्यांसारख्या खाचांना आणि आट्यांना ग्रीस लावा, आणि टायरमध्ये ट्यूब घालाच, कारण तारा रिमला जोडणाऱ्या छोट्या नटांमधून (निपल) हवा जाते. निघताना किंवा रिव्हर्स घेताना ‘टक्’ असा आवाज आला तर हबच्या खाचा झिजल्यात. अशा वेळी नुसतं चाक नवं घेऊन भागत नाही, हबही बदलावा लागतो, नाहीतर झिजलेला हब नव्या चाकाच्या खाचा लवकरच खातो.