अवतरणचिन्हं वाटेत कुठे गळतात?

प्रश्न : नौपाड्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. लिनक्सवर दोन शेल स्क्रिप्ट लिहिल्यात. पहिली बॅकअप घेते आणि मग फोटो लहान करणारी दुसरी चालवते. दुसरी एकटी चालवली तर सगळं ठीक. पहिलीतून चालवली की ‘तलावपाळी’ नावाची फाइलच नाही म्हणून बोंब. फाइलचं नाव आहे ‘तलावपाळी दिवाळी पहाट.जेपीजी’, आणि ते मी अवतरणचिन्हांतच दिलं होतं!
— एक वाचक, ठाणे

उत्तर : दिलं होतंत, पण ती चिन्हं शेलसाठी, म्हणजे तुमच्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामसाठी होती. शेल ती बघतो, अख्खं नाव एकच आर्ग्युमेंट (स्क्रिप्टला पुरवलेली एक गोष्ट) धरतो आणि चिन्हं काढून टाकतो. पहिल्या स्क्रिप्टला नाव अखंड मिळतं, चिन्हांविना. बिघडतं ते पुढे, जिथे ती दुसरीला बोलावते. तिथे तुम्ही नुसतं $@ (म्हणजे ‘आलेली सगळी आर्ग्युमेंट्स’) लिहिलं असणार, पैज लावतो. अवतरणांत नसलेल्या $@ चे शेल स्पेसवर पुन्हा तुकडे पाडतो. मग दुसऱ्या स्क्रिप्टला तीन नावं जातात: तलावपाळी, दिवाळी आणि पहाट.जेपीजी.

तिथे "$@" लिहा, दुहेरी अवतरणांसकट. जितकी आर्ग्युमेंट्स आली तितकीच, जशीच्या तशी पुढे जातील. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलेल्या बॉर्न शेलपासून हे असंच चालत आलंय. "$*" च्या मात्र नादी लागू नका. तो सगळी नावं जोडून एकच लांबलचक नाव करतो. एकाच फोटोवर तपासलंत तर दोन्ही सारखेच वागतात, त्यामुळे गोची कळते ती थेट लग्नाचा अख्खा अल्बम टाकल्यावर.

दुसरी स्क्रिप्ट एकटी नीट चालते, म्हणजे तिच्यात अवतरणं बरोबर आहेत. तिला हात लावू नका. फार तर तिच्या सुरुवातीला $# छापून घ्या. आर्ग्युमेंट्स किती आली ते कळेल: एका फोटोला १ हवा, आज तुम्हाला ३ दिसेल.

नावांत स्पेसऐवजी अंडरस्कोर घाला, असा सल्ला कुणीतरी देईलच. मला तो पटत नाही. गिऱ्हाईक पेनड्राइव्हमध्ये कसली नावं घेऊन येईल, ते तुमच्या हातात थोडंच आहे?

खरं तर लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, आर्ग्युमेंट्स सुटी सुटी, यादी म्हणूनच पोचवतो. स्पेसशी त्याला देणंघेणं नाही, तोडातोडी करतो तो शेल. त्यामुळे पुढेमागे पहिली स्क्रिप्ट पायथनमध्ये लिहिलीत, तर सबप्रोसेसला (दुसरे प्रोग्राम चालवणाऱ्या पायथनच्या सोयीला) सगळी कमांड एका ओळीत न देता यादी म्हणून द्या. मग मध्ये शेल येतच नाही.