पिट्सबर्गला येणाऱ्या लाइनबॅकरच्या आईला

ताई, तुमचा प्रश्न वाचला. यजमानांची अमेरिकेत पिट्सबर्गला बदली होतेय, तेरा वर्षांचा मुलगा कोल्हापुरात कबड्डी खेळतो, मोबाइलवर एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, बघतो आणि लाइनबॅकरच होणार म्हणतो. तर तिथे त्यात करिअर होईल का, शाळा कशी बघू, आणि तिथे एकटं पडायला होतं का? व्हिसा, घरभाडं, विमा हे कंपनी सांगेलच, त्यात मी पडत नाही. माझा मुलगा इथे हायस्कूलमध्ये लाइनबॅकर खेळतो, म्हणून लिहायला बसले. एरवी असल्या प्रश्नांना मी उत्तरं देत नाही.

आधी शाळा, कारण ते अजून सलतं. प्रवेशाच्या फॉर्मवर घरी कोणती भाषा बोलता असा रकाना असतो. आम्ही सरळ मराठी लिहिलं. झालं! सांगलीत बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेल्या पोराला इंग्रजी न येणाऱ्यांच्या वर्गात नेऊन बसवलं. विज्ञानाच्या तासाला हा बाहेर, पेन्सिल आणि खिडकीची नावं घोकत. ईमेल केला की उत्तर यायचं, प्रक्रिया चालू आहे. लसीकरणाच्या पुस्तिकेचं तेच, आमच्या डॉक्टरांचं अक्षर त्यांना लागेना. तुम्ही टाइप केलेली यादी सही-शिक्क्यासह घेऊन या, आणि शाळेचे निकालही. रकान्यात काय लिहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मला विचाराल तर मी पुन्हा मराठीच लिहीन, पण फॉर्म घेणाऱ्या शाळेतल्या बाईंसमोर बसून लिहीन.

आता तोच पोरगा मैदानावर दहा जणांना ओरडून सांगतो कुणी कुठे सरकायचं. लाइनबॅकर म्हणजे बचावाच्या पहिल्या फळीमागे उभा राहणारा, पण नुसता आडदांड गडी नव्हे. चढाईवाला कुठे वळणार हे कबड्डीतला कव्हर त्याच्या खांद्यावरून ओळखतो ना, तसलं काम. मधल्या लाइनबॅकरला माइक म्हणतात. एनएफएलमध्ये 2008 पासून बचावातल्या एकाच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो, मागे हिरवा ठिपका. बहुतेक वेळा तो माइकच. प्रशिक्षकाचा आवाज त्याच्या कानात येतो आणि चाल सुरू करायच्या घड्याळात 15 सेकंद उरले की बंद होतो. पुढचं सगळं त्याच्या डोक्यावर.

डोक्यावर म्हटलं म्हणून ज्युनियर सेआऊचं सांगते. सामोअन कुटुंबातला मुलगा, सात वर्षांचा होईपर्यंत त्याला इंग्रजी येत नव्हतं. पुढे 1990 ते 2009 असे वीस हंगाम लाइनबॅकर म्हणून खेळला. त्या पेन्सिल-खिडकीच्या दिवसांत मी हे माझ्या मुलाला मोठ्या कौतुकाने सांगायचे. त्याच्या पुढचं सांगत नव्हते. मे 2012 मध्ये, 43व्या वर्षी, त्याने स्वतःला संपवलं. मेंदू तपासला तेव्हा सीटीई निघालं, डोक्याला पुन्हा पुन्हा बसलेल्या माराशी जोडला जाणारा आजार. मुलाने ते स्वतःच शोधून वाचलं आणि मला म्हणाला, तुला माहीत होतं ना?

करिअरचं म्हणाल तर भारतीय रक्ताचा एक लाइनबॅकर झाला आहे, ब्रँडन चिल्लर. वडील भारतीय. कॉलेज यूसीएलए, 2004 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, सेंट लुईस रॅम्सने चौथ्या फेरीत घेतला, मग ग्रीन बे पॅकर्स. पॅकर्सनी फेब्रुवारी 2011 मध्ये आमच्या पिट्सबर्गच्या स्टीलर्सना हरवून सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला, तेव्हा हा जायबंदी होऊन बाहेर. सात हंगामांत कारकीर्द संपली. नंतर भारतात जी अमेरिकन फुटबॉलची लीग निघाली तिच्यात त्याने पैसे घातले. पुणे मराठाज हा संघ त्यातलाच. आणि सात हंगाम इथे पुष्कळ झाले. खेळाडूंच्या संघटनेच्या हिशेबाने सरासरी कारकीर्द 3.3 वर्षांची. एनएफएलला तो आकडा मान्य नाही, पण पेन्शनला तीन हंगाम भरावे लागतात, यावरून काय ते समजा. करारात मोठमोठे आकडे दिसतात. त्यातली हमीची रक्कम सोडली तर बाकीचे पैसे संघाने काढून टाकलं की गेले.

रायन शेझियर तर आमच्याच गावचा हिरो. स्टीलर्सचा लाइनबॅकर, 2014 मध्ये पहिल्याच फेरीत घेतलेला. 4 डिसेंबर 2017 ला सिनसिनाटीत टॅकल करायला, म्हणजे समोरच्याला पाडायला, गेला आणि पाय हलेनात. पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया झाली, पुन्हा चालायला लागला, पण खेळ संपला तो संपलाच. तो सामना आम्ही घरी बघत होतो. मी टीव्ही बंद करायला उठले तर मुलगा म्हणाला, राहू दे. दुसऱ्या दिवशी शाळेत निम्मी पोरं 50 नंबरची जर्सी घालून आली.

व्हिसाचं लिहिणार नव्हते, पण एवढं कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. तुमच्या यजमानांच्या व्हिसावर मुलगा अवलंबित असणार. 21 पूर्ण झाले की ते छत्र गेलं, आणि तोवर त्याला कमावता येत नाही. 2021 पासून कॉलेजातली पोरं आपल्या नावावर जाहिरातींचे पैसे घेतात. आपल्या मुलांना तिथेही कागद आडवा येतो. ग्रीन कार्डाच्या रांगेत आम्ही किती वर्षं आहोत ते विचारू नका, माझा रक्तदाब वाढतो.

एकटेपणाचं विचारलंत. आहे. चालतं. चांगले थर्मल घ्या.

गणपती आणि फुटबॉलचा हंगाम एकाच वेळी येतात. सामने शुक्रवारी रात्री. मंडळाच्या आरत्या माझ्या बुडतात, कारण मी स्टँडमध्ये असते. मुलगा कुणाला आडवा करतो तेव्हा मी उभी राहून किंचाळते, ताई, अगदी शेजारच्या गोऱ्या बायकांसारखी. समोर पडलेल्या पोराची आई चार रांगा पलीकडे बसलेली असते, हे मला त्या क्षणी आठवत नाही. रात्री आठवतं. पेनसिल्व्हेनियात मेंदूच्या धक्क्याची माहिती देणाऱ्या कागदावर आईबापांनी दर वर्षी सही करायची असते. नवरा म्हणतो तू कर, मी म्हणते तू कर. शेवटी मीच करते, आणि सासूबाईंना फोनवर सांगते की सध्या अभ्यास फार आहे.

तुमच्या मुलाला पहिलं वर्ष फ्लॅग फुटबॉलमध्ये घाला. त्यात कुणाला पाडायचं नसतं, कमरेची पट्टी ओढायची असते, आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही तो खेळ आहे. कबड्डीच्या पोराला जमेल. तो म्हणेल, हे काय बायकी! माझाही म्हणाला होता. तरी सांगून बघा.