वाचकांचे प्रश्न : राखीव चमूची स्वतःची शर्यत

प्रश्न : माझा भाचा केंब्रिज विद्यापीठात शिकतो. ऑक्सफर्डविरुद्धच्या वार्षिक नौकाशर्यतीसाठी त्याने हिवाळाभर सराव केला. पण मुख्य चमूऐवजी 'गोल्डी' नावाच्या राखीव चमूत त्याची निवड झाली. घरात कुणी त्याचे अभिनंदन करतात, तर कुणी समजूत काढतात. क्रिकेटमधल्या बाराव्या गड्यासारखे त्याला काठावर बसून राहावे लागेल काय?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : अभिनंदनच करावे, आणि तेही हातचे राखून न ठेवता. बाराव्या गड्याशी केलेली तुलना येथे लागू पडत नाही, कारण या राखीव चमूला १९६५ पासून स्वतःची शर्यत आहे. केंब्रिजचा 'गोल्डी' आणि ऑक्सफर्डचा 'आयसिस' हे दोन राखीव चमू लंडनमध्ये टेम्स नदीवर, पटनीपासून मॉर्टलेकपर्यंतच्या ज्या ६.८ किलोमीटरच्या मार्गावर मुख्य चमू लढतात, त्याच मार्गावर एकमेकांशी भिडतात. आठ जणांच्या हाती एकेक वल्हे आणि दिशा सांभाळणारा नववा कॉक्स, ही रचनाही तीच. आयसिस हे ऑक्सफर्डजवळच्या टेम्सचेच नाव आहे. गोल्डीचे नाव जॉन गोल्डी या वल्हेकऱ्यावरून आले. ऑक्सफर्डने १८६१ पासून सलग नऊ वर्षे शर्यत जिंकल्यानंतर १८७० साली ती मालिका तोडणाऱ्या केंब्रिजच्या नौकेत तो 'स्ट्रोक'च्या, म्हणजे साऱ्यांना लय देणाऱ्या जागेवर होता.

आपल्या भाच्याची निवड कशी झाली असेल, हे समजून घेतल्यास समजूत काढण्याचा प्रश्नच उरणार नाही. या खेळात धावा किंवा बळी मोजता येत नाहीत. आठ जणांच्या जोरावर चाललेल्या नौकेत एकट्याचा वाटा किती, हे काठावरून दिसत नाही. त्यासाठी दोन नौका शेजारीशेजारी पळवतात, अंतर टिपून घेतात, मग दोन्ही नौका पाण्यातच एकमेकींना लावून फक्त दोन वल्हेकऱ्यांची अदलाबदल करतात आणि पुन्हा पळवतात. पहिल्या फेरीत नौकेच्या अर्ध्या लांबीने पुढे असलेली नौका दुसऱ्या फेरीत मागे पडली, तर तो फरक त्या दोघांतला मानला जातो. बाकीच्यांनी दोन्ही वेळा सारखाच जोर लावलेला असेल, हे यात गृहीत धरलेले असते. आणि माझ्या मते या पद्धतीची खरी गोम तिथेच आहे, कारण दमलेल्या माणसाचा जोर दोन्ही वेळा सारखा राहतोच असे नाही. सांगायचे एवढेच की मुख्य चमूतला शेवटचा आणि राखीव चमूतला पहिला यांच्यात पुष्कळदा एवढेसेच अंतर असते.

प्रश्न : राखीव चमूंचा निकाल मुख्य शर्यतीत धरला जातो काय? धरला जात नसेल, तर त्यांच्यात एवढी चुरस कशासाठी?
— एक वाचक, महाल

उत्तर : धरला जात नाही. दोन्ही शर्यतींचा जय-पराजयाचा हिशेब स्वतंत्र ठेवला जातो. विद्यापीठाचा 'ब्लू' हा मानही मुख्य शर्यतीत उतरणाऱ्यांनाच मिळतो. तरीही चुरस असते, आणि ती केवळ १८२९ साली हेन्ली येथे सुरू झालेल्या जुन्या वैराचा वारसा म्हणून नसते. राखीव चमूला एकाच वेळी दोन प्रतिस्पर्धी असतात : समोरच्या विद्यापीठाचा चमू आणि आपल्याच बोटहाऊसमधला मुख्य चमू. रोजच्या सरावात मुख्य चमूशेजारी नौका घालून त्याला दमवण्याचे काम राखीव चमूच करतो, आणि राखीव जितका तगडा, तितका मुख्य चमू तयार होतो. शर्यतीच्या दिवशी मात्र तो कुणासाठी पळत नाही. त्याचा प्रतिस्पर्धी त्याच्याच दर्जाचा असतो आणि जिंकलेली शर्यत त्याची स्वतःची असते. मला तर कधीकधी हीच शर्यत अधिक निखळ वाटते. मानाची लालूच कमी, दूरचित्रवाणीचे लक्ष कमी, आणि थकवा तेवढाच.

राखीव चमूचे मोल एकदा सगळ्यांसमोर सिद्ध झाले ते १९८७ साली. ऑक्सफर्डमध्ये निवडीवरून आणि सरावाच्या पद्धतीवरून प्रशिक्षक व नौका-क्लबचा अध्यक्ष एका बाजूला आणि काही अनुभवी अमेरिकी वल्हेकरी दुसऱ्या बाजूला, असा तंटा पेटला. अमेरिकी खेळाडू बाहेर पडले आणि त्यांच्या जागी राखीव खेळाडूंना नौकेत बसवावे लागले. जाणकारांनी केंब्रिजचा विजय धरूनच ठेवला होता. पण वादळी हवेत खवळलेल्या पाण्यावर ऑक्सफर्ड चार लांबींनी जिंकले.

प्रश्न : आम्ही अंबाझरीचे साचलेले पाणी पाहणारे. टेम्सच्या त्या भागात भरती-ओहोटी असते आणि नदी वळणेही घेते, असे वाचले. मग दोन्ही नौकांना समान संधी कशी मिळते? आणि मुलींच्या राखीव चमूंचे काय?
— एक विद्यार्थिनी, रविनगर

उत्तर : भरती चढत असतानाच शर्यत सुटते, म्हणजे समुद्राकडून येणारे पाणी नौकांना नदीच्या वरच्या अंगाला रेटत असते. हा रेटा पात्राच्या खोल भागात सर्वांत जास्त असतो. त्यामुळे रुंद नदीवरही दोन्ही कॉक्स त्याच चिंचोळ्या पट्ट्यासाठी झगडतात, वल्ह्याला वल्हे लागते आणि मागच्या लाँचमधले पंच झेंडा दाखवून, नाव घेऊन ताकीद देतात. वळणांचे गणित नाणेफेकीने सुटते. मिडलसेक्स म्हणजे उत्तरेकडची बाजू घेणाऱ्याला पहिले आणि शेवटचे वळण आतून मिळते. सरे म्हणजे दक्षिणेकडची बाजू घेणाऱ्याला हॅमरस्मिथजवळचे मधले लांबलचक वळण मिळते. दोन्हींचा लाभ बराचसा सारखा असतो. मात्र वारा भरतीच्या उलट वाहू लागला की लाटा उठतात आणि सारे हिशेब कोलमडतात. १९१२ साली तर दोन्ही मुख्य नौका बुडाल्या आणि शर्यत पुन्हा घ्यावी लागली. राखीव चमूंनाही हेच पाणी, हीच वळणे.

मुलींचे राखीव चमू आहेत : ऑक्सफर्डचा 'ओसायरिस' आणि केंब्रिजचा 'ब्लाँडी'. महिलांची मुख्य शर्यत १९२७ साली सुरू झाली. पण पुरुषांच्या या मार्गावर येण्यास तिला २०१५ साल उजाडले. एवढा उशीर का, याचे पटणारे उत्तर मला तरी सापडलेले नाही.

शर्यत मार्चअखेर किंवा एप्रिलच्या आरंभी होते. धरमपेठेतल्या कुटुंबाने वेळ पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी : लंडनचे घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असते, परंतु मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ते साडेचार तासच मागे राहते. शिवाय राखीव चमू परंपरेने मुख्य शर्यतीच्या आधी उतरतात. त्यामुळे जाहीर वेळेवर दूरचित्रवाणी लावल्यास भाच्याची शर्यत तोवर आटोपलेली असेल.